कॉइन स्कीम बुडाली, लीडरवर कारवाई कशी होते? सांगली-साताऱ्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

क्रिप्टोच्या नावाने चालणाऱ्या स्कीममध्ये पैसे अडकलेल्या लोकांचे प्रश्न तासगाव, विटा, मिरज, कराड, कोरेगाव, फलटण अशा सगळीकडून येत असतात. शब्द वेगळे, पण रोख एकच. कंपनीचा पत्ता नाही, ॲप उघडत नाही, आणि ज्याने पैसे भरायला लावले तो लीडर मात्र रोज समोरून जातो. त्याचं काय करायचं? माझं मत पहिल्यापासून एकच आहे. कंपनी दुबईत असो की कागदावर, कमिशन इथल्या खात्यात आलेलं असतं. कारवाईची सुरुवातही तिथूनच करायची. खाली तेच प्रश्न घेतले आहेत. तुमच्या प्रकरणाचे कागद वकिलाला दाखवावेच लागतील, ते काम या पानाने होणार नाही.

१. लीडर म्हणतो, "मी फक्त माहिती दिली, पैसे कंपनीने घेतले." मग त्याच्यावर गुन्हा कसा दाखल होईल?

होतो. फसवणुकीच्या गुन्ह्यात पैसे कुणाच्या खात्यात गेले एवढंच पाहत नाहीत. खोटं सांगून पैसे द्यायला कुणी प्रवृत्त केलं, हेही पाहतात. "महिन्याला दहा टक्के पक्के", "मुद्दल सुरक्षित, माझी गॅरंटी" असं कुणी सांगितलं असेल आणि तसं काही नाही हे त्याला ठाऊक असेल, तर "मी फक्त माहिती दिली" हा बचाव टिकायला अवघड जातो. महाराष्ट्रातच याचं उदाहरण आहे. एप्रिल २०१७ मध्ये नवी मुंबई पोलिसांनी वनकॉइन या बनावट क्रिप्टो स्कीमच्या भरतीसभेवर छापा घातला आणि तिथल्या प्रतिनिधींना अटक केली. वनकॉइनचे मूळ सूत्रधार तेव्हा परदेशातच होते.

२. प्रमोटर नेमका कुणाला म्हणायचं? ग्रुपमध्ये मेसेज पुढे पाठवणारे सगळेच का?

सगळे नाहीत. हॉल घेऊन मीटिंग लावणारा, स्टेजवर प्लॅन समजावणारा, लोकांचे आयडी उघडून पासवर्ड स्वतःकडे ठेवणारा, रोख गोळा करणारा, खालच्या साखळीवर कमिशन घेणारा, यूट्यूबवर लिंक देऊन जोडणी करणारा, हे सगळे प्रमोटर. आपले पैसे घातले आणि उत्साहाच्या भरात भावाला सांगितलं, कमिशन घेतलं नाही, असा माणूस सहसा त्यात येत नाही. फरक तीन गोष्टींवर ठरतो: त्याला काय माहीत होतं, त्याने काय वचन दिलं आणि त्याला त्यातून काय मिळालं. मधल्या फळीतल्या माणसांसाठी प्रश्न १० आणि ११ पाहा.

३. ते म्हणतात क्रिप्टोवर सरकार ३० टक्के कर घेतं, म्हणजे स्कीम सरकारमान्य आहे. खरं का?

कराचा भाग खरा आहे, निष्कर्ष खोटा. १ एप्रिल २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे आणि १ जुलै २०२२ पासून व्यवहारावर १ टक्का टीडीएस आहे. ४ मार्च २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने रिझर्व्ह बँकेचं बँकांवर बंधन घालणारं परिपत्रक रद्द केलं, तेही खरं. पण बिटकॉइन विकत घेणं वेगळं आणि "तुमचे पैसे आम्ही ट्रेडिंगला लावतो, दरमहा ठरावीक परतावा देतो" असं म्हणून लोकांकडून पैसे घेणं वेगळं. दुसऱ्या प्रकाराला कर भरल्याने मान्यता मिळत नाही. मार्च २०२३ पासून क्रिप्टोची देवाणघेवाण करून देणाऱ्यांना मनी लाँडरिंगविरोधी कायदा लागू आहे आणि त्यांना केंद्राच्या वित्तीय गुप्तचर विभागाकडे नोंदणी करावी लागते. मात्र या नोंदणीमुळेही कुणाला परताव्याची हमी देण्याचा परवाना मिळत नाही.

४. कोणते कायदे लागतात? पोलीस ठाण्यात नेमकं काय म्हणायचं?

कलमं लावणं पोलिसांचं काम आहे, तुम्ही घटना सांगायची. तरी खालचे कायदे माहीत असले की बोलणं ठाम होतं.

सर्वांत उपयोगी आहे १९९९ चा महाराष्ट्र ठेवीदार हितसंबंध संरक्षण कायदा, म्हणजे ज्याला सगळे एमपीआयडी म्हणतात तो. त्याच्या कलम ३ मध्ये प्रवर्तक, भागीदार, संचालक, व्यवस्थापक आणि धंदा चालवण्याला जबाबदार असलेली इतर कोणतीही व्यक्ती येते. शिक्षा सहा वर्षांपर्यंत. पण खरी ताकद शिक्षेत नाही, मालमत्ता जप्त करता येते त्यात आहे. म्हणून अर्जात "एमपीआयडी लावावा" ही मागणी स्पष्ट लिहा. नुसत्या फसवणुकीच्या कलमावर गुन्हा नोंदला तर माणूस जामिनावर सुटतो आणि जमीन विकून मोकळा होतो.

दुसरा केंद्राचा २०१९ चा, अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा कायदा. प्रमोटरसाठी सगळ्यात नेमकं कलम यातलं ५ वं आहे. अशा योजनेत पैसे घालायला लावण्यासाठी जाणूनबुजून खोटं विधान, वचन किंवा भाकीत करणं हाच तिथे स्वतंत्र गुन्हा आहे. किमान एक वर्ष, कमाल पाच वर्षं कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड. त्याने स्वतः एक रुपया घेतला नाही तरी हे कलम लागू शकतं.

माणसं जोडण्यावरच कमिशन असेल तर १९७८ चा प्राइझ चिट आणि मनी सर्क्युलेशन बंदी कायदा आहे. शिक्षा कमी, पण साखळी योजना चालवणं आणि तिचा प्रचार करणं दोन्ही त्यात येतं. भारतीय न्याय संहितेत फसवणुकीसाठी कलम ३१८, विश्वासघातासाठी ३१६, कटासाठी ६१. मात्र १ जुलै २०२४ च्या आधी घडलेल्या गोष्टींना जुनी भादंवि लागते, म्हणजे ४२०, ४०६ आणि १२० ब. पैसे दोन्ही काळांत भरले असतील तर तारखा वेगवेगळ्या मांडा.

५. आम्ही रुपये दिलेच नाहीत, यूएसडीटी (डॉलरच्या भावाचं क्रिप्टो नाणं) पाठवले. मग "ठेव" म्हणता येईल का?

आरोपीचा वकील हा मुद्दा हमखास काढतो. एमपीआयडीमध्ये ठेवीची व्याख्या मोठी आहे. पैशांबरोबर मौल्यवान वस्तू स्वीकारणंही तिच्यात येतं आणि परतावा रोख, वस्तू किंवा सेवा कोणत्याही रूपात चालतो. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सिक्स्टी थ्री मून्स या कंपनीच्या प्रकरणात ही व्याख्या व्यापक अर्थानेच वाचली. क्रिप्टो ही मालमत्ता आहे, असं मद्रास उच्च न्यायालयानेही ऑक्टोबर २०२५ मध्ये म्हटलं आहे. केंद्राच्या २०१९ च्या कायद्यात मात्र व्याख्या "पैशांची रक्कम" अशी आहे, तिथे वाद होऊ शकतो.

म्हणून अर्जात रुपयांपासून सुरुवात करा. बहुतेकांनी आधी लीडरला किंवा त्याने सांगितलेल्या माणसाला रुपयेच पाठवलेले असतात आणि त्याने त्याचे यूएसडीटी करून दिलेले असतात. ती पहिली पायरी कागदावर आली की वाद बराच कमी होतो.

६. मीटिंग कराडला झाली, मी वाळव्याचा, आणि पैसे पुण्याच्या खात्यावर गेले. तक्रार कुठे करायची?

तुमच्या जवळच्या पोलीस ठाण्यात. हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही. शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवून तो पुढे पाठवण्याची तरतूद नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आहे. फोन आणि मेसेजवरून झालेल्या फसवणुकीची चौकशी मेसेज जिथून पाठवला किंवा जिथे मिळाला तिथेही होऊ शकते.

हाच प्रश्न विटा, खानापूर, आटपाडीकडच्या गलाई व्यावसायिकांचा, म्हणजे परराज्यात सोनं-चांदी गाळण्याचा धंदा करणाऱ्यांचा असतो. पेढी परराज्यात, पैसे तिथल्या बँकेतून गेले आणि लीडर मात्र गावचा, यात्रेला आला तेव्हा भेटलेला. त्यांनी गावाकडच्या ठाण्यातच तक्रार द्यावी असं मला वाटतं. लीडरची जमीन, घर आणि साक्षीदार इथे आहेत. वेगवेगळ्या राज्यांत सुटे गुन्हे झाले की तपास विखुरतो. रक्कम मोठी आणि तक्रारदार जास्त असतील तर ठाण्यातलं प्रकरण जिल्ह्याच्या आर्थिक गुन्हे शाखेकडे जातं.

पैसे नुकतेच गेले असतील तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, ठाण्यात नंतर जा. खात्यातली रक्कम गोठवायची असेल तर ते पहिल्या काही तासांतच जमतं.

७. पुरावा म्हणून काय काय द्यायचं? ॲप तर बंद पडलंय.

ॲप बंद पडलं तरी पुरावा तुमच्या फोनमध्ये आणि बँकेत आहे. फोन विकू नका, फॉरमॅट करू नका आणि रागाच्या भरात ग्रुप सोडू नका. ग्रुपमध्ये कोण ॲडमिन आहे ते दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या. चॅट एक्स्पोर्ट करून ईमेलवर पाठवा. स्क्रीनशॉटमध्ये तारीख आणि नंबर दिसला पाहिजे. सेव्ह केलेलं "राजूदादा लीडर" असं नाव पुरत नाही.

एक तक्ता करा: तारीख, रक्कम, यूपीआय की रोख, यूटीआर (बँक व्यवहाराचा) क्रमांक, कुणाच्या खात्यावर, कुणाच्या सांगण्यावरून. शेवटचा रकाना लोक सोडून देतात, आणि प्रमोटरपर्यंत पोहोचायचं तर तोच रकाना लागतो. यूएसडीटी पाठवले असतील तर वॉलेटचा पत्ता आणि व्यवहाराचा हॅश (म्हणजे त्याची ओळख-खूण), दोन्ही टाइप न करता कॉपी करून द्या. ट्रॉन या ब्लॉकचेनवरचा पत्ता टी अक्षराने सुरू होतो आणि ३४ अक्षरांचा असतो. एक अक्षर चुकलं तरी पोलिसांना काहीच सापडत नाही. पत्ता बरोबर असेल तर पैसे कोणत्या एक्स्चेंजवर (क्रिप्टो खरेदी-विक्रीच्या मंचावर) गेले ते बऱ्याचदा कळतं, आणि तिथे केवायसी मागवता येते.

कोरेगाव भागातल्या एका माजी सैनिकाने आणलेली डायरी मला नेहमी आठवते. दर हप्त्याची तारीख, त्या दिवशी लीडर काय म्हणाला ते त्याच्याच शब्दांत, आणि बरोबर कोण बसलं होतं त्यांची नावं. "बुडाले तर माझ्या उसाच्या बिलातून देतो" हे वाक्य त्या डायरीत तारखेसह होतं. अशी नोंद त्याच काळात केलेली असली की तिला वजन असतं. आता मागच्या तारखा टाकून डायरी लिहू नका. उलटतपासणीत ते उघडं पडतं आणि खरी तक्रारही खोटी दिसू लागते.

कोर्टात डिजिटल पुराव्यासोबत साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. त्याचा एक भाग तुम्ही आणि दुसरा तज्ज्ञ भरतो.

८. सगळे पैसे रोख दिले. पावती नाही. काही उपयोग आहे का?

आहे. त्या दिवशी बँकेतून काढलेली रक्कम, बेदाण्याच्या सौद्याची किंवा हळदीची पट्टी, दागिने गहाण टाकल्याची पावती, यावरून तुमच्याकडे तेव्हा पैसे होते हे दिसतं. लगेच नंतर तुमच्या आयडीत तेवढेच डॉलर जमा झाल्याचा स्क्रीनशॉट असेल तर साखळी जुळते. एकाच लीडरला रोख देणारे अनेक जण एकत्र आले की त्यांचे जबाब एकमेकांना आधार देतात.

९. ठाण्यात सांगितलं, "हे सिव्हिल मॅटर आहे, लालचेने पैसे घातले." आता?

लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. गुन्हा नोंदवला नाही तर तोच अर्ज पोस्टाने पोलीस अधीक्षकांना पाठवा, तरीही नोंदवला नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७५ (३) खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जा. दंडाधिकारी आधीच्या दोन्ही पायऱ्यांचे पुरावे मागतात, म्हणून पोस्टाच्या पावत्या जपा. आर्थिक प्रकरणात गुन्हा नोंदवण्यापूर्वी प्राथमिक चौकशी होऊ शकते, म्हणून चौकशीला बोलावलं तर जा. लालूच होती म्हणून फसवणूक माफ होत नाही. "सिव्हिल मॅटर आहे" हे वाक्य ऐकून घरी परतलेली माणसं पाहिली की जीव तुटतो. त्यातले बरेच जण पुन्हा तक्रारीला येतच नाहीत.

१०. लीडर म्हणतो माझेच वीस लाख बुडाले, मीही पीडित आहे. मग तो सुटणार का?

आपोआप सुटत नाही. माणूस एकाच वेळी पीडित आणि आरोपी असू शकतो. त्याने किती घातले आणि किती काढले, हा हिशोब तपासात निघतो. पैसे अडकल्याचं कळल्यावरही त्याने नवीन लोक जोडले का, हा प्रश्न मी सगळ्यात महत्त्वाचा मानतो. विड्रॉल (पैसे काढणं) बंद झाल्याच्या तारखेनंतर त्याने "सर्व्हर अपडेट चालू आहे, या आठवड्यात टॉप-अप करा, डबल बोनस" असे मेसेज टाकले असतील, तर ते मेसेज वेगळे काढून अर्जाला जोडा. त्यातून त्याचं ज्ञान सिद्ध होतं.

११. मीही पाच-सहा नातेवाईक जोडले आणि थोडं कमिशन घेतलं. तक्रार केली तर मीच अडकेन का?

धोका आहे, तो लपवून सल्ला देणार नाही. ठाण्यात जाण्याआधी वकिलाला सगळं खरं सांगा. पण गप्प बसणं जास्त धोक्याचं आहे. नातेवाइकांनी आधी तक्रार केली की तुमचं नाव आरोपी म्हणून येतं आणि मग तुमचं म्हणणं बचाव म्हणूनच ऐकलं जातं. स्वतःहून पुढे आलात, मिळालेल्या कमिशनचा हिशोब दिलात, वरच्या माणसाचे मेसेज दिलेत, तर साक्षीदार म्हणून तुमचं महत्त्व वाढतं. मिळालेलं कमिशन शक्य असेल तर जोडलेल्या माणसांना बँकेतून परत करा, म्हणजे त्याची नोंद राहते.

१२. यूट्यूबर आणि मोठ्या कलाकारांचं काय? त्यांच्या जाहिरातीमुळेच आम्ही विश्वास ठेवला.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम २१ खाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीत काम करणाऱ्याला दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केलं तर पन्नास लाखांपर्यंत. जाहिरात करण्याआधी त्याने दाव्याची नीट पडताळणी केली असेल तर तो दंडातून सुटतो. तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडेही देता येते. कमिशनची लिंक देऊन जोडणी करणारा यूट्यूबर मात्र नुसता जाहिरातदार राहत नाही, त्याला प्रश्न ४ मधले कायदे लागू शकतात.

अमेरिकेत हा धागा बराच पुढे गेला आहे. बिटकनेक्ट या बुडालेल्या क्रिप्टो स्कीमचा तिथला मुख्य प्रचारक ग्लेन आर्कारो याने २०२१ मध्ये गुन्हा कबूल केला आणि २०२२ मध्ये त्याला ३८ महिन्यांची शिक्षा झाली. ही कंपनी त्याची नव्हती. फेब्रुवारी २०२२ मध्ये तिथल्या एका अपील न्यायालयाने म्हटलं की, यूट्यूब व्हिडिओतून सर्वांना उद्देशून केलेला प्रचारही विक्रीसाठी केलेली विनंती ठरू शकतो. ते निकाल आपल्याकडे बंधनकारक नाहीत.

१३. आमचा लीडर जिल्हा परिषदेचा शिक्षक आहे. नोकरीवर परिणाम होतो का?

होऊ शकतो. सरकारी आणि जिल्हा परिषद कर्मचाऱ्यांना परवानगीशिवाय खासगी धंदा करता येत नाही, तसे वर्तणूक नियम आहेत. पोलीस तक्रारीची प्रत जोडून मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडे वेगळा अर्ज द्या. धंदा पत्नीच्या नावावर दाखवलेला असतो, म्हणून मीटिंगमध्ये तो स्वतः बोलतोय असा फोटो किंवा व्हिडिओ जोडा. विभागीय चौकशीतून तुमचे पैसे मात्र येत नाहीत.

१४. मुख्य आरोपी पळाला किंवा मेला, तर केस संपते का?

त्या माणसाविरुद्धचा खटला त्याच्या मृत्यूनंतर थांबतो, इतरांविरुद्धचा नाही. गेनबिटकॉइन या स्कीममध्ये दरमहा दहा टक्के, अठरा महिने असं आमिष होतं. मुख्य आरोपी अमित भारद्वाज याला २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी अटक केली, जानेवारी २०२२ मध्ये तो वारला. तरी डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरणं सीबीआयकडे दिली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये साठ ठिकाणी झडत्या झाल्या. बिटकनेक्टच्या प्रकरणातही ईडीने त्याच महिन्यात १,६४६ कोटी रुपयांची क्रिप्टो जप्त केली. स्कीम कोसळून तेव्हा सात वर्षं झाली होती.

१५. त्याने पाचशेच्या स्टॅम्पवर लिहून दिलंय आणि चेकही दिलेत. तक्रार थांबवू का?

थांबवू नका. स्टॅम्पवरची कबुली चांगला पुरावा आहे, पण तिच्यामुळे पैसे येत नाहीत. चेक मुदतीत बँकेत टाका. वटला नाही तर बँकेची सूचना मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, पैसे द्यायला त्याला १५ दिवस, आणि त्यानंतर एका महिन्यात कोर्टात तक्रार. "अजून आठ दिवस थांबा" यातच या मुदती निघून जातात. त्याने "उसने घेतले होते" असा मजकूर लिहून आणला असेल तर सही करू नका. स्कीमची फसवणूक त्याला साध्या उसनवारीत बदलायची असते.

१६. त्याने प्लॉट बायकोच्या आणि मेहुण्याच्या नावावर केला. आता जप्ती होईल का?

एमपीआयडीत अशा हस्तांतरणासाठी तरतूद आहे. पैसे वाचवण्यासाठी दुसऱ्याच्या नावावर केलेल्या मालमत्तेपर्यंत विशेष न्यायालय पोहोचू शकतं. तुम्ही सातबारा, फेरफार आणि खरेदीखताच्या नकला काढून तपास अधिकाऱ्यांना द्या. फेरफाराची तारीख विड्रॉल बंद झाल्यानंतरची असेल तर ते अर्जात ठळक लिहा. गट नंबर गावातल्या लोकांना माहीत असतात, पोलिसांना नसतात.

१७. पैसे खरंच परत मिळतात का? किती दिवसांत?

काहींना काही प्रमाणात मिळतात, आणि वर्षं लागतात. जप्तीची अधिसूचना, सक्षम प्राधिकाऱ्याचा अर्ज, विशेष न्यायालयाचा आदेश, लिलाव आणि मग ठेवीदारांना हिश्शाने वाटप, असा तो मार्ग आहे. वाटपाच्या यादीत नाव असावं म्हणून प्रत्येकाने स्वतःची रक्कम स्वतः नोंदवायची. "पुढाऱ्याने सगळ्यांच्या वतीने तक्रार दिली आहे" यावर विसंबू नका. आरोपी जामीन किंवा जप्तीविरुद्ध उच्च न्यायालयात गेला तर आता मुंबई गाठावी लागत नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून सांगली आणि सातारा कोल्हापूर सर्किट बेंचच्या हद्दीत आहेत, तिथे हजर राहून जामिनाला विरोध करता येतो.

१८. त्याचा फोटो "चोर" म्हणून व्हायरल केला किंवा घरी जाऊन गाडी ओढून आणली तर?

दोन्ही करू नका. बदनामी, जबरी चोरी, खंडणी, कोंडून ठेवणं अशी उलट तक्रार होते, मग तडजोडीत दोन्ही केसेस मिटवायचा दबाव येतो आणि तुमचे पैसे त्यातच जातात. "अमुक ठाण्यात गुन्हा दाखल आहे, फसलेल्यांनी संपर्क करावा" एवढं खरं आणि कोरडं लिहायला हरकत नाही.

१९. एक जण म्हणतो, दहा टक्के फी आधी भरा, ब्लॉकचेनमधून पैसे परत काढून देतो. देऊ का?

नाही. फसलेल्यांच्या याद्या विकल्या जातात आणि हे फोन त्यावरून येतात. ब्लॉकचेनवरचा झालेला व्यवहार बाहेरचा माणूस उलटवू शकत नाही. यूएसडीटी गोठवायचे तर ते काढणाऱ्या कंपनीला किंवा एक्स्चेंजला तपास यंत्रणेनेच कळवावं लागतं. फोन करणाऱ्याचा नंबरही तपास अधिकाऱ्यांना द्या.

२०. मला मिळालेल्या एका विड्रॉलमुळे माझंच खातं गोठवलं गेलं. आता काय?

तुम्हाला मिळालेले पैसे दुसऱ्या कुणाच्या तक्रारीतले असले की असं होतं. बँकेकडून तक्रार क्रमांक आणि कोणत्या राज्याच्या पोलिसांनी गोठवलं ते लेखी घ्या, त्या तपास अधिकाऱ्याला स्कीमचे सगळे कागद पाठवा आणि फक्त वादातली रक्कम अडवून बाकी खातं सुरू करण्याची मागणी करा. त्यांनी ऐकलं नाही तर संबंधित न्यायालयात अर्ज करता येतो. तुमची स्वतःची तक्रार आधीच नोंदलेली असेल तर तिची प्रत सोबत लावा.

२१. २०१९ मध्ये पैसे भरले होते. आता उशीर झाला का?

फौजदारी तक्रारीला नाही. तीन वर्षांपेक्षा जास्त शिक्षा असलेल्या गुन्ह्यांना मुदतीची अट नाही, आणि फसवणूक व एमपीआयडी दोन्ही त्यात येतात. उशीर का झाला ते मात्र अर्जात लिहा, "लीडर दर महिन्याला वायदा करत होता" हे कारण असेल तर त्या वायद्यांच्या मेसेजसह. दिवाणी दावा करायचा असेल तर फसवणूक कळल्यापासून तीन वर्षं. गुंतवणूक करणारी व्यक्ती वारली असेल तर वारसांनी मृत्यूचा दाखला आणि वारसाचे कागद जोडून त्याच पद्धतीने रक्कम नोंदवावी, आणि त्या माणसाचा जुना मोबाइल व सिमकार्ड बंद करण्याआधी प्रश्न ७ वाचावा.